आत्याची गजक

आमच्या हरिशंकरपुरमच्या घरातली ही गोष्ट लिहायचं बरेच दिवस टाळत होतो. चूक माझीच होती ना!

आत्या जन्मभर लश्करात राहिली, शाळेत शिकवून रिटायर झाली. मूलबाळ नाही. गुडघे बोलायला लागल्यावर तिनेच वृद्धाश्रमात राहायचं ठरवलं. मी दर रविवारी जायचो. थंडीत मुरैन्याची गजक न्यायचो, ती तिची फार आवडती.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी तिने गजकेचा डबा उघडलाच नाही, शेजारच्या आजींना देऊन टाकला. पुढच्या रविवारी पोळी तशीच ताटात. विचारलं तर म्हणाली, "अरे, या वयात इच्छाच होत नाही." तिथल्या बाई म्हणाल्या, "उमर हो गई है, भैया." मलाही पटलं. वजन उतरलं, झोप उडाली, चिडचिड वाढली. सगळ्याला आम्ही एकच नाव दिलं, म्हातारपण.

पाचव्या रविवारी गाल सुजलेला दिसला. खालची दाढ किडून मुळाशी पू झाला होता.

आश्रमात बीपी, शुगर बघायला डॉक्टर यायचे, पण तोंडात कोणी बघत नसे. बाहेर न्यायचं तर गाडी हवी, सोबत माणूस हवा, घरच्यांची सही हवी. शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून तिच्या डॉक्टरांनाही विचारायचं. हे जुळेपर्यंत आणखी चार दिवस पेनकिलरवर गेले. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं. दाढ काढावीच लागली. "वेळेवर आणलं असतं तर बहुतेक वाचली असती," डॉक्टर म्हणाले.

परतताना मी विचारलं, "दुखत होतं तर सांगितलं का नाहीस?"

"आठवड्यातून दोन तास येतोस. त्यात दाताचं रडगाणं कुठे लावू?"

यावर काय बोलणार?

ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. सरकारी दवाखान्यात त्यांची वेगळी रांग असावी, असं त्यात आहे. 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते भरती झाल्यावरचे. दात भरणं, कवळी बसवणं हे खर्च आपलेच. आणि हा प्रश्न नुसता चावण्याचा नाही. तोंडातले जंतू फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आश्रमातल्या वृद्धांचं तोंड रोज नीट स्वच्छ केलं तर तो कमी होतो, हे जपानच्या डॉक्टरांनी 1999 मध्येच दाखवून दिलं होतं.

आता ओळखीचे एक दंतवैद्य सहा महिन्यांनी आश्रमात येऊन सगळ्यांचे दात बघतात. अर्धं काम तर खाटेवरच होतं. कवळ्यांवर नावं घातली आहेत, रात्री त्या काढून पाण्यात ठेवतात. खर्च आम्ही चार घरं मिळून करतो, फार येत नाही.

आत्या गजक आता दुसऱ्या बाजूने चावते.

तुमचं कोणी आश्रमात असेल, किंवा घरीच खाटेवर असेल, तर येत्या रविवारी खाऊ हातात देण्याआधी एकदा म्हणा, "जरा आ कर बघू." आपल्या लहानपणी त्यांनी आपल्याला हेच सांगितलं होतं.