दातांवरचे डाग आणि पुस्तकातील संयुजा

संज्ञा, संयुजा, आयन हे शब्द नववी-दहावीच्या मुलांनी पाठ करायचे आणि परीक्षा झाली की विसरायचे, असेच आपल्या घरांतून समजले जाते. आम्हा यवतमाळ जिल्ह्यातील लोकांना मात्र असे समजून चालणार नाही. हा धडा आमच्या लेकरांच्या दातांवरच उमटला आहे.

पांढरकवडा, झरी जामणी भागातील अनेक गावांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. आमच्या नात्यागोत्यातही अशी मुले आहेत. परगावचे लोक विचारतात, "पोरगा खर्रा खातो का?" मुली हसताना तोंडावर हात धरतात. कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी राखुंडीला. खरे कारण आहे पाण्यातील फ्लोराइड.

हे फ्लोराइड म्हणजे काय, ते आम्ही दोघा नवरा-बायकोंनी कामावरून आल्यावर मुलांच्या पुस्तकावरून समजून घेतले. फ्लोरिन या मूलद्रव्याची संज्ञा 'एफ'. त्याच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत ७ इलेक्ट्रॉन असतात. ८ झाले की कक्षा भरते. म्हणून तो दुसऱ्याकडून १ इलेक्ट्रॉन घेतो. एक घेतला म्हणून संयुजा १, आणि एक ऋणभार आला म्हणून तो झाला फ्लोराइड आयन. कॅल्शिअमची संज्ञा 'सीए'. तो बाहेरचे २ इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. म्हणून संयुजा २ आणि आयनावर दोन धनभार. देणारा दोन देतो, घेणारा एकच घेतो. म्हणून एका कॅल्शिअमला दोन फ्लोराइड लागतात. उसनवारीचा हिशेब ज्याला कळतो, त्याला संयुजाही कळते.

आता दाताकडे पाहू. दाताचे वरचे कवच कॅल्शिअम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्साइड या आयनांचे बनते. हायड्रॉक्साइडवरही एकच ऋणभार असतो आणि आकारही फ्लोराइडच्या जवळपास. म्हणून फ्लोराइड त्याच्या जागी जाऊन बसते. थोडे असेल तर दात मजबूत होतो. टूथपेस्टमध्ये ते त्यासाठीच घालतात. पण हिरडीत दात घडत असतात त्या वयात, साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून ते फार गेले तर कवच नीट घडत नाही. मग पडलेला डाग कितीही घासला तरी जात नाही. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर सांधे आखडतात, कंबर वाकते.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालते. दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. पांढरकवडा भागाच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते काही ठिकाणी १३ मिलिग्रॅमहून अधिक आढळले. खोल बोअरिंगचे पाणी फार काळ खडकात राहते आणि खडकातले फ्लोराइड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शिअम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते. कॅल्शिअम कमी असेल तर फ्लोराइड मोकळे राहते. म्हणून साबणाला छान फेस येतो एवढ्यावरून पाणी पिण्यास चांगले ठरत नाही.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाण्याची वाफ होते, आयन भांड्यातच राहतो. कापडाने गाळूनही तो अडत नाही. क्लोरिनच्या थेंबांनी जंतू मरतात, फ्लोराइड नाही. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना मोजून वापरण्याची 'नलगोंडा पद्धत' तयार केली आहे. परंतु प्रमाण जाणकाराकडूनच घ्यावे, घरी अंदाजाने करू नये. सर्वांत आधी पाणी तपासून घ्यावे, आणि ज्या विहिरीचे पाणी चांगले निघेल ते लहान मुलांच्या पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखावे.

माता-भगिनींनो, डाग पडलेल्या मुलीला लाजवू नका. तो तिचा दोष नाही आणि नशिबाचा लेखही नाही. त्याला कारण आहे, ते कारण मोजता येते आणि दूरही करता येते. येत्या ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारा: "आमच्या बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड किती?" आकडा हातात पडल्याशिवाय खाली बसू नका.