टाळ्यांच्या आधीचा हिशेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949चं संविधान सभेतलं भाषण तिच्या वाट्याला आलं ते शेपटाकडून. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी गुरुजींनी एवढंच घोटून घेतलं: 26 जानेवारीपासून राजकारणात समता येईल, सामाजिक नि आर्थिक जीवनात विषमताच उरेल. इथे आवाज चढवायचा, थांबायचं. टाळ्या ठरलेल्या.

विधी महाविद्यालयात तिने अख्खं भाषण वाचलं, तर सुरुवातीला नुसता हिशेब! सभेला 2 वर्षं, 11 महिने, 17 दिवस लागले. 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या 2,473 मांडल्या गेल्या. मग श्रेयाचं वाटप. बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी या मसुदाकारांना तर मिळालंच, पण सभेत सतत आडवे येणाऱ्या कामत, पंजाबराव देशमुख यांचेही आभार. ते नसते तर कामकाज मिळमिळीत झालं असतं म्हणून.

या रटाळ वाटणाऱ्या पानांची करामत तिला वकिलीत उमगली. विरोधकाचं देणं आधी चुकतं केलं की पुढे खडे बोल सुनावता येतात. आणि काय बोल! सिंधच्या दाहिर राजाचे लाच खाणारे सेनापती, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांकडून लढणारे मराठा सरदार. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्यातलाच. (बाबासाहेबांचे वडील कबीरपंथी; भक्ती त्यांनी घरात पाहिलेली होती.)

मतांसाठी हे भाषण नव्हतंच. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकृत होणार, हे सभागृहाला ठाऊक होतं.

एक सल्ला मात्र देशाने मानला नाही: सनदशीर मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह सोडा. सांगणारे स्वतः महाड आणि काळाराम मंदिराचे सत्याग्रही. ऐकणाऱ्यांतले कितीतरी सत्याग्रहातूनच वर आलेले. पटवायला हा सर्वांत अवघड मुद्दा, तरी भाषणात तो थोडक्यात आटोपतो. पुढे 1959 मध्ये त्यांचेच सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला.

हल्ली परीक्षक म्हणून ती स्पर्धकांना नेमकं या सल्ल्याबद्दलच विचारते. बहुतेक जण गडबडतात. एका मुलीने उलट विचारलं, “मॅडम, मार्ग खुला आहे की नाही, हे ठरवायचं कुणी? आतल्यांनी की बाहेरच्यांनी?” गुणपत्रिकेत रकाने होते उच्चार, हावभाव आणि पाठांतर यांचे. तिने मुलीचे गुण ‘हावभाव’मध्ये वाढवले.