पूर्णविरामाने धरलेली नवी वाट

ती. सौ. वहिनींस,


मोबाइलवरच्या गप्पांतील इंग्रजीत पूर्णविराम गळतो, वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल राहत नाही, अपॉस्ट्रॉफी नाहीशी होते आणि तीन-चार शब्दांचे तुकडे एकाखाली एक येत राहतात. परंतु या सगळ्याला सरसकट निष्काळजीपणा म्हटले, तर दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. त्यांपैकी एक चूक आहे आणि दुसरी प्रघात, म्हणजे लिहिणारा व वाचणारा या दोघांनीही न बोलता मान्य केलेली रीत. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या वहिनींसारख्या शिक्षिकेला नातवाच्या निरोपांत जे खटकते, त्यातील बराचसा भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो, एवढे आग्रहाने मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच आहे.

छापील मजकुरात एक विधान संपून दुसरे सुरू झाले हे दाखवण्याचे काम पूर्णविरामाकडे असते. चॅटमध्ये ते काम निरोप पाठवण्याच्या बटणानेच होऊन जाते, कारण प्रत्येक निरोप स्वतंत्र चौकटीत उमटतो आणि चौकट संपली की विधान संपले हे उघड दिसते. नेमलेले काम हातातून गेलेले चिन्ह एक तर लोपते किंवा नवा अर्थ धारण करते. येथे पूर्णविरामाच्या बाबतीत दोन्ही घडले. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठात सीलिया क्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२६ विद्यार्थ्यांना छोटे संवाद वाचायला दिले, तेव्हा मोबाइलवर आलेल्या होकाराच्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम असला तर ते उत्तर कमी मनापासूनचे वाटते असे आढळले. तेच संवाद हाताने लिहिलेल्या चिठ्ठीच्या रूपात दाखवल्यावर मात्र तसा फरक दिसला नाही. २०१५ साली पुढे आलेल्या या अभ्यासातील चिठ्ठीचा भाग अनेकदा विसरला जातो, आणि खरे मर्म तर तेथेच आहे. रुक्षपणा पूर्णविरामाच्या अंगचा नाही. ज्या जागी त्याची गरज उरलेली नाही तेथे तो आला, की तो मुद्दाम घातला आहे असे वाचणारा धरून चालतो आणि त्या मुद्दामपणाचे कारण शोधू लागतो. दोन-चार वाक्यांच्या लांब निरोपात मधले पूर्णविराम कोणालाच टोचत नाहीत, त्याचेही कारण हेच.

तीन टिंबांच्या बाबतीत गैरसमज उलट दिशेने होतो, आणि त्याकडे वहिनींनी विशेष लक्ष द्यावे. पोस्टकार्डावर जागा थोडी आणि सांगायचे पुष्कळ, तेव्हा एक विचार दुसऱ्यापासून सुटा करण्यासाठी टिंबे किंवा आडवी रेघ वापरण्याची सवय जुन्या पिढीला होती. ग्रेचेन मकलक यांनी ‘बिकॉज इंटरनेट’ या २०१९च्या पुस्तकात या सवयीचा धागा आजच्या निरोपांपर्यंत आणून दाखवला आहे. नव्या पिढीकडे विचार सुटे करण्यासाठी नवी ओळ किंवा नवा निरोप हे साधन असल्यामुळे तिच्या लेखी टिंबांचा एवढाच अर्थ उरतो, की लिहिणाऱ्याने काहीतरी मनात राखून ठेवले आहे. शुभेच्छांपुढे मायेने ठेवलेली टिंबे नातवाला नाराजीची खूण वाटू शकतात, आणि त्याचे उत्तर आजीला तुटक वाटू शकते. दोघेही आपापल्या व्याकरणाला अगदी धरून लिहीत असतात.

कॅपिटल अक्षरांविषयी थोडक्यात इतकेच, की बहुतेक फोन वाक्यारंभीचे अक्षर आपोआप मोठे करतात, त्यामुळे सगळे स्मॉल अक्षरांत लिहिणाऱ्याला ती सोय बंद करावी लागते किंवा प्रत्येक वेळी दुरुस्ती करावी लागते. आळसाने एवढे कष्ट कोणी घेत नाही. तो हलका, अनौपचारिक स्वर जाणून निवडलेला असतो.

अपॉस्ट्रॉफीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तेथे वहिनींचा आक्षेप पूर्णपणे रास्त ठरतो. मालकी दाखवणारे ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीविना आणि ‘इट इज’चा संक्षेप असलेले ‘इट्स’ अपॉस्ट्रॉफीसह लिहायचे असते. उच्चार एकच असल्याने बोटे घाईत नको ते रूप उमटवतात, आणि या अदलाबदलीतून वाचणाऱ्याला कोणताही नवा स्वर कळत नाही. चूक ओळखण्याची कसोटी हीच असावी: बदलाने काही सांगितले जात असेल तर तो प्रघात, काहीच सांगितले जात नसेल तर ती चूक. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्ड्स यांनी २००१ साली अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान व आळस जिंकले असे म्हणत ती बंद केली. त्यांची खंत समजण्याजोगी होती, पण ही लढाई चॅटच्या आधीपासून दुकानांच्या पाट्यांवर चालू होती.

अशा लेखनाने मुलांची भाषाच बिघडेल, ही भीती टोरोंटो येथील साली टॅग्लियामाँटे आणि डेरेक डेनिस यांनी तपासून पाहिली. किशोरवयीन मुलांच्या दहा लाखांहून अधिक शब्दांच्या चॅटमध्ये नवी संक्षिप्त रूपे तीन टक्क्यांहूनही कमी निघाली, असे त्यांच्या २००८च्या लेखात आहे.

शिवाय विरामचिन्हे मुळात आवाजासाठीच जन्मली. अलेक्झांड्रियाचे ग्रंथपाल ॲरिस्टोफेनीस यांनी ख्रिस्तपूर्व काळात वेगवेगळ्या उंचीवर टिंबे सुचवली ती मोठ्याने वाचणाऱ्याने कोठे किती थांबावे यासाठी. वाक्यरचनेचे नियम त्यांना पुढे चिकटले. मराठीलाही ही चिन्हे जन्मजात नाहीत. मोडीत शब्दही सुटे लिहीत नसत, आणि मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने विरामचिन्हांची घडी बसवली, तेव्हा तीही नवीच रीत होती.

वहिनींकडे आजही शिकवणीला मुले येतात. त्यांना एकच मजकूर दोनदा लिहायला सांगावा, एकदा मित्राला निरोप म्हणून आणि एकदा मुख्याध्यापकांना अर्ज म्हणून, आणि प्रत्येक चिन्ह का ठेवले किंवा का गाळले हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे. ‘इट्स’ची अदलाबदल दोन्ही मजकुरांत लाल शाईने खोडावी, गळलेल्या पूर्णविरामाचे गुण मात्र अर्जातच कापावेत.