वॉटसनची पत्र्याची पेटी

लंडनमध्ये चेअरिंग क्रॉसजवळच्या कॉक्स आणि कंपनीच्या पेढीत, तळघरात, प्रवासाने झिजलेली एक पत्र्याची पेटी ठेवलेली आहे, तिच्या झाकणावर डॉक्टर जॉन वॉटसन हे नाव आणि पूर्वी हिंदुस्थानच्या फौजेत असल्याची नोंद रंगविलेली आहे, आणि आत शेरलॉक होम्सने हाताळलेल्या कित्येक प्रकरणांची टाचणे आहेत, असे कॉनन डॉयल यांनी १९२२ साली एका कथेत लिहिले. ही पेटी कल्पनेतली असली तरी होम्सच्या भिंगाहून आणि त्याच्या व्हायोलिनहून मला ती अधिक मोलाची वाटते. कारण गुन्ह्याची उकल करणारी बुद्धी क्षणभर लखलखून जाते, आणि त्या लखलखाटाचा रोजनामचा ठेवणारा, अपयशाची प्रकरणेही तितक्याच निष्ठेने जपणारा माणूस शेजारी नसेल, तर ती बुद्धी होती याला पुढे दाखलाच उरत नाही.

या वॉटसनने अफगाण युद्धासाठी पहिले पाऊल टाकले ते मुंबईच्या बंदरात. तो उतरला तेव्हा त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे निघून गेली होती. तिला गाठण्यासाठी तो कंदाहारला पोहोचला, आणि २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या ज्या लढाईत मुंबई इलाख्याच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी खऱ्याखुऱ्या लढल्या, त्याच लढाईत कादंबरीतल्या या डॉक्टरच्या खांद्यात गोळी शिरली. मरे नावाच्या त्याच्या अर्दलीने त्याला ओझ्याच्या घोड्यावर घालून सुरक्षित ठिकाणी आणले. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या कादंबरीत मरेच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आहे, पण त्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. होम्सच्या कीर्तीचा आधार वॉटसन, आणि वॉटसनच्या प्राणांचा आधार हा अर्दली. एका सोबत्याच्या पाठीमागे दुसरा सोबती असा उभा असतो, आणि जो जितका मागे, तितकी त्याच्यासाठी शाई कमी.

चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा मिळून होम्सच्या साठ हकिकती झाल्या, त्यांतल्या छप्पन्न वॉटसनच्या तोंडून आलेल्या आहेत. १९२६ सालच्या एका कथेत होम्स स्वतःच लेखणी हाती घेतो, आणि आपल्या मित्रावर वरवरच्या लिखाणाचा आरोप करीत आलेल्या या तर्कपंडिताला वाचकाचे मन धरून ठेवणे किती अवघड आहे याची जाणीव होते. पण वॉटसनचे खरे वेतन त्याला मिळते ते तीन गॅरिडेबांच्या कथेत. एका बदमाशाची गोळी त्याच्या मांडीला चाटून जाते. होम्स त्याला खुर्चीत बसवतो, खिशातल्या चाकूने त्याची विजार फाडून जखम पाहतो, आणि तेवढ्या अवधीत त्या कठोर डोळ्यांत पाणी तरळते, ते घट्ट ओठ कापतात. इतक्या वर्षांच्या मूक सेवेनंतर त्या थंड बुद्धीच्या तळाशी असलेले प्रेम त्याला एकदाच, निमिषभर दिसते, आणि ते दिसण्यासाठी एवढी जखम काय, याहून अधिक सोसायला तो तयार आहे. मैत्रीविषयी मी जे वाचले त्यात याहून खरे फार थोडे आहे.

पडद्याने मात्र या माणसावर दीर्घकाळ अन्याय केला. १९३९ ते १९४६ या वर्षांत बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांचे चौदा चित्रपट निघाले. ब्रूस लोभस नट खरा, पण त्याचा वॉटसन अडखळणारा, भोळसट, होम्सची उंची दिसावी म्हणून ठेंगणा केलेला. ज्याने रणांगणावर शस्त्रक्रिया केल्या त्याला अजागळ का करावे? १९८४ साली ग्रॅनडा वाहिनीवर जेरेमी ब्रेटची मालिका सुरू झाली, तेव्हा डेव्हिड बर्क आणि त्याच्यामागून एडवर्ड हार्डविक यांनी ही चूक निस्तरली. हार्डविकचा वॉटसन कित्येक प्रसंगांत बोलतच नाही, केवळ ऐकतो, आणि त्याच्या ऐकण्यामुळे होम्सच्या बोलण्याला वजन येते. आपल्याकडे शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश या गुप्तहेराची मालिका १९९३ साली दूरदर्शनवर आली, तीत के. के. रैना यांनी साकारलेला लेखक अजित हाही असाच बरोबरीचा स्नेही होता.

इतके सगळे नंदुरबारात बसून लिहिताना माझे मन सातपुड्याकडे वळल्यावाचून राहत नाही. पावलांचा माग काढण्यावर आणि प्लॅस्टरमध्ये ठसे जतन करण्यावर आपण निबंध लिहिला आहे, असे होम्स एके ठिकाणी सांगतो. आमच्या खानदेशात ही विद्या गावोगावच्या भिल्ल जागल्यांच्या नजरेत होती. चोरी झाली की जागल्याने माग धरून शिवेपर्यंत जावे, पुढील गावच्या जागल्याच्या हवाली तो करावा, आणि ज्या गावात माग विरला त्या गावावर जबाबदारी यावी, असा रिवाज होता. १८२५ साली जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेश भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला, तेव्हा ज्यांच्या भरवशावर तो या डोंगरांत शिरला ते सोबती याच मातीतले. मैवंदच्या त्याच १८८० साली गोल्डस्मिडने लिहिलेले आउट्रमचे चरित्र दोन खंडांत निघाले, आणि त्याच साली सरकारने खानदेशचे गॅझेटियर छापले. आउट्रमचा पुतळा थेम्सच्या काठी उभा आहे. जागल्यांविषयी गॅझेटियरात जमातीचे वर्णन आहे. परंतु अमक्या रात्री, अमक्या नाल्याच्या ओल्या वाळूत कोणाच्या डोळ्यांनी ठसा हेरला, त्याचे नाव काय, तो कोणत्या पाड्यावरचा, हे लिहून ठेवणारा वॉटसन त्यांना लाभला नाही. विद्या होम्सची, वाटा मरेचा.

हा वॉटसन बाहेरून यावा अशी माझी अपेक्षा नाही. त्याला पावरी, मावची, देहवाली यांपैकी एखादी बोली घरची म्हणून यायला हवी, आणि आजोबा-पणजोबांच्या गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर हार्डविकसारखे गप्प बसता यायला हवे. तोपर्यंत आपल्या हातून होईल तेवढे व्हावे म्हणून मी एक साधी वही घातली आहे. पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात जागल्याचे नाव, तिसऱ्यात ते नाव सांगणाऱ्याचे त्याच्याशी नाते. तळोद्याच्या बाजूची काही नावे तीत आली आहेत. धडगावकडची अजून यायची आहेत.