१४२८५७ : बाकीची कमाल

मोठी संख्या म्हटलं की मुलांना तीनच गोष्टी आठवतात. अक्षरी लिहा, स्थानिक किंमत सांगा, चढता-उतरता क्रम लावा. म्हणून पाचवीच्या वर्गात मी फळ्यावर एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न लिहिते आणि १ ते ६ ने गुणायला सांगते.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

तिसऱ्या-चौथ्या उत्तराला कोणीतरी ओरडतंच, "बाई, तेच अंक परत आले!" नुसते तेच अंक नाहीत, क्रमही तोच. जणू सहा जणांनी हात धरून रिंगण केलंय, फक्त सुरुवात दरवेळी वेगळ्याकडून. आणि ७ ने गुणलं की ९९९९९९!

इथेच थांबलं तर ही नुसती जादू राहते. जादूला टाळ्या मिळतात, गणित येत नाही. म्हणून लगेच १ ला ७ ने भागायला लावते. दशांश चिन्ह देऊन पुढे भागत राहायचं आणि प्रत्येक बाकी बाजूला लिहायची. भागाकारात येतात १, ४, २, ८, ५, ७. बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. म्हणजे जिथून निघालो तिथेच पोचलो! ७ ने भागताना बाकी १ ते ६ मधलीच उरू शकते. शून्य येत नाही, कारण १०, १००, १००० यांपैकी कोणालाच ७ ने पूर्ण भाग जात नाही. इथे सहाही बाक्या एकेकदा येतात. बाकी ३ उरली की पुढचं काम ३ ला ७ ने भागण्याचंच असतं, म्हणून तिप्पट केल्यावर संख्या ४ पासून सुरू होते.

एरवी बाकी म्हणजे मुलांच्या लेखी उरलंसुरलं. इथे सगळं रिंगण तीच फिरवते. भागाकाराचं नाव काढलं की वही मिटणारा एक मुलगा मागच्या वर्षी म्हणाला, "बाई, १३ ने भागलं तर?" आणि स्वतःच भागत बसला. ०७६९२३ आलं. बाक्या बारा शक्य, पण आल्या सहाच. "मग उरलेल्या कुठं गेल्या?" हा प्रश्नही त्याचाच. २ ला १३ ने भागल्यावर त्या सापडल्या : १५३८४६. म्हणजे १३ ची दोन रिंगणं!

आणखी एक गंमत. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करून मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळेत शिक्षक होते, आपल्यासारखेच.

तुमच्या वर्गात १ ला १७ ने भागायला द्या. वहीचं पान भरेल, पण सोळाच्या सोळा बाक्या येतात की नाही हे मुलांनाच शोधू द्या. उत्तर आधी सांगू नका.