दोन दाखले

काल दोन्ही मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले हातात आले. लाखनीतलं आमचं घर आता अर्धं खोक्यांत गेलंय. यांची बदली नागपूरला झाली आणि तिथल्या एका अनुदानित उर्दू शाळेत मला मराठीचे तास मिळाले. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, एवढीच काय ती सवड. मुलगी आठवीत जाईल, मुलगा तिसरीत. दोघं आतापर्यंत इथल्या मराठी शाळेत शिकले. उर्दू मी घरी शिकवली.

इथल्या पालकांना मी नेहमी सांगत आले, मुलाला घरच्या नाहीतर गावाच्या भाषेत शिकवा, इंग्रजी शाळेच्या पाटीला भुलू नका. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा नागपुरात पहिला फॉर्म मी इंग्रजी शाळेचाच घेतला. नणंद म्हणाली, "भाभी, शहर में इंग्लिश के बिना कुछ नहीं." मी मान डोलावली.

त्या शाळेत मुलाला एकट्याला समोर बसवलं. मॅडमनी चित्र दाखवून इंग्रजीत विचारलं, यात काय चाललंय? चिखलात वाकलेल्या बाया होत्या. माझा मुलगा खूश होऊन म्हणाला, "रोवनी!" भंडाऱ्याच्या मुलाला धानाची रोवणी कोणी शिकवावी लागत नाही. मॅडमना तो शब्द कळला नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि "कळवतो" म्हणाल्या.

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये स्पष्ट लिहिलंय. मी बीएड झालेली बाई, मला हे माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण मला ती जागा हवी होती. परतीच्या बसमध्ये मुलानं विचारलं, "अम्मी, रोवनी गलत है क्या?" त्या रात्री मला झोप आली नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भावाला फोनवर हे सांगितलं. त्याची मुलं चार्टर स्कूलमध्ये आहेत. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, फी नाही, आणि अर्ज जास्त आले तर सोडत. 1991 साली मिनेसोटा राज्यानं असा पहिला कायदा केला. मी म्हटलं, अरे, आपल्या अनुदानित शाळा याच्या जवळपासच्याच की! शिक्षकांचा पगार सरकारचा, शाळा संस्थेची. फरक असा की तिथे ठरलेलं काम झालं नाही तर मंडळाशी केलेला करार रद्द होऊ शकतो. आपल्याकडे संचमान्यता होते. पट घटला की शिक्षकाचं पद जातं.

पटाचा विषय निघाला की मला माझ्या नव्या मुख्याध्यापकांचा प्रश्न आठवतो. मी रुजू होण्याचं बोलायला गेले तेव्हा त्यांनी अगदी सहज विचारलं, "मॅडम, आपके बच्चे कहाँ पढ़ेंगे?" मी "देखते हैं" म्हणून वेळ मारून नेली. ज्या पटावर माझी नोकरी टिकणार, त्या पटात माझीच मुलं नसतील, तर मी गल्लीतल्या पालकांना कोणत्या तोंडानं सांगू?

पण पट भरायला मुलं वापरायची का, हाही प्रश्न होताच. मुलीच्या बाबतीत उत्तर नाही असं आलं. ती विज्ञानात "प्रकाशसंश्लेषण" शिकली आहे. आता आठवीत तेच "ज़ियाई तालीफ़" म्हणून नव्यानं शिकायचं आणि दोन वर्षांत दहावीला बसायचं, हा तिच्यावर अन्याय होईल. ती अनुदानित मराठी शाळेत जाईल.

मुलाला घेऊन मी उर्दू शाळा पाहायला गेले. कमतरता दिसल्या. वाचनालय नावालाच, संगणकाच्या खोलीला कुलूप. पण तिसरीच्या शिक्षिकेनं मुलाला जवळ बोलावून विचारलं, "लाखनी से आए हो? वहाँ क्या होता है?" तो सुरू झाला. धान, बांधी, रोवनी, चिखल. तिला शब्द अडला की ती विचारत होती, तो समजावत होता. मी दारात उभी राहून ऐकत होते. मुलगा तिथे जाईल. बालभारतीचाच अभ्यासक्रम आहे, आणि मराठी तर त्याची अम्मीच त्या शाळेत शिकवते.

निर्णय बरोबर आहे का? दहा वर्षांनी मुलं सांगतील. पण आता मला कोणी विचारलं तर मी आधी माध्यम सांगणार नाही. शाळा भरलेली असताना मुलाला घेऊन जा, आणि त्याला शब्द अडला की शिक्षक काय करतात ते पाहा, असं सांगेन. बदलीच्या घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा: आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क कलम 5 देतं, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

आणि कोणी चाचणी घेऊ लागलं, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. मुलाला मी त्याच रात्री सांगितलं, रोवनी गलत नहीं है, बेटा. हे त्या मॅडमसमोर म्हणायला हवं होतं.