कुंभार्लीच्या वळणांवर न वळणारा दिवा

हँडल वळले की दिवाही वळतो, ही गोष्ट मोटारसायकलवाल्याच्या अंगात इतकी मुरलेली असते की तिचा कधी विचारच होत नाही. आम्ही मियां-बीवी बारा वर्षे साध्या गाडीवर कराडहून चिपळूणला जात-येत होतो. आमच्यापैकी एकाचे ते माहेर, दुसऱ्याची सासुरवाडी. यंदा लांबच्या सफरीला बरी म्हणून सेकंडहँड पल्सर २२० एफ घेतली. तिचे पुढचे फेअरिंग हँडलला नसून चेसिसला घट्ट बसवलेले असते. हेडलाइट, मीटर, आरसे सगळे त्यातच. हँडल फिरवा, समोरचे सारे जागच्या जागी! पहिले दोन दिवस गल्लीतून गाडी काढताना ती वळतच नाही असा भास व्हायचा. मीटरकडे पाहणे सोडून, जायचे आहे तिकडे मान वळवली, तेव्हा कुठे जमू लागले.

पाटणपर्यंतच्या रस्त्यावर मात्र या फेअरिंगची किंमत कळली. समोरून भरधाव ट्रक गेला की हवेचा धक्का पूर्वी थेट हँडलला बसायचा, मनगटे भरून यायची. आता तो चेसिसवर जातो. गाडी जराशी हलते, हँडल हिसका देत नाही. छातीवरचा वाराही कमी झाला. पण काचेच्या वरून निसटलेला वारा हेल्मेटवर आदळतो, आणि त्यातला निम्मा मागे बसणाऱ्याच्या वाट्याला येतो. खरेदी करताना मागच्या सीटचे मत कोण विचारतो?

खरी परीक्षा कोयनानगरच्या पुढे. हाच गुहागर–विजापूर रस्ता हेळवाकनंतर कुंभार्ली घाटाने कोकणात उतरतो. दिवसाउजेडी घाट देखणा आहे. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात आणि तिथून वाशिष्ठीत जाते. आपण तेच अंतर वळणे मोजत उतरतो.

रात्रीचे तसे नाही. गेल्या महिन्यात वाटेत पंक्चर झाले आणि हेळवाकलाच मगरिब झाली. रस्त्याकडेला जानमाज अंथरून नमाज पढली. चिपळुणात अम्मी एकट्या. आम्ही पोहोचेपर्यंत त्या दारातून हलत नाहीत. सफरची दुआ पुन्हा पढून निघालो. सूरह जुखरुफमध्ये त्या दुआच्या आधी जहाजांचा आणि स्वारीच्या जनावरांचा उल्लेख आहे. आपले वाहन आपल्या ताब्यात आहे ते कोणाच्या कृपेने, हे अशा वेळी नीट उमगते.

पहिल्याच मोठ्या वळणावर दिवा कठड्यावर आणि त्यापलीकडच्या काळोखात. ज्या बाजूला वळायचे, तिथेच अंधार. चारचाकीचे दिवेही स्टिअरिंगबरोबर वळत नाहीत, पण त्यांचा उजेड रुंद पडतो. शिवाय दुचाकी कलली की तिचा झोतही कलतो. म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, वळणाआधीच वेग मारून उतरलो. मागून खांद्यावर थाप पडली की समजायचे, आतल्या बाजूने खडी आहे किंवा कोणी येते आहे. मध्येच एक एसटी पुढे गेली. तिच्या मागे बरेच अंतर ठेवून राहिलो. तिचे लाल दिवे कुठे वळतात, तेवढे पाहिले तरी पुढचा रस्ता कळत होता.

तेव्हापासून आमचे ठरले आहे की घाट मगरिबच्या आत उतरायचा. देशावर बहुतेक मशिदींत हनफी वक्ताप्रमाणे असर उशिरा होते, कोकणात शाफईप्रमाणे लवकर. घड्याळ कराडच्या असरला लावले तर घाटातच सूर्य बुडतो. थंडीच्या दिवसांत जोहर पढूनच निघावे.

त्या रात्री पोफळीला सपाटी लागली, आणि चिपळुणात शिरताना इशाची अजान ऐकू आली. अंगणात हँडल पूर्ण वळवले तरी दिवा अम्मींच्या डोळ्यांवरच.

‘‘आधी तो बंद करा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि वुजू करून घ्या. भाकऱ्या गरम आहेत.’’